नव्वद मीटर

ऐन हंगामात जीनमधून फोन आला,
"काटा ऑफिसशी बोलून नाही राहिला.
वीस गाड्या उभ्या हायेत. या लवकर."
हिंगणघाटपासून बावीस किलोमीटर,
डिक्कीत क्रिंपर, पिशवीत केबलचं वेटोळं,
दोन्ही बाजूंच्या बाभळींना
जाणाऱ्या गाड्यांनी टांगलेला कापूस.

फाटकात दिवाणजींनी माझ्या पाठीमागे पाहिलं,
मेकॅनिक कुठाय म्हणून.
मीच, म्हटलं.

स्विच कपाटावर, गजाननाच्या फोटोला टेकलेला.
आठ भोकं, पाच भरलेली,
अंगावर रुईच्या लवेचा बोटभर थर,
थंडी वाजत असावी असा.
फुंकर मारली. एक, तीन, चार, पाच लुकलुकले.
दोन विझलेला.
दोन म्हणजे काटा.

तारेच्या मागे मागे गेले.
पत्र्याखालून, पाइपातून, गाठींच्या थप्पीआडून,
तिथे उंदरानं चव घेतली होती
आणि आवडली नसावी.
कापली, सोललं, आठ धागे सरळ केले.
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.
मोठ्यानंच म्हणते मी, पाढ्यासारखं,
नाहीतर हात चुकतो.
"निळा हिरव्याच्या मधात काहून घुसला, बाई?"
काट्यावरचा तुळशीराम कोवे, केव्हाचा उभा.
"जोडीत राहिला नाही तर आवाज फाटतो," म्हटलं,
पण ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

तार नव्हती तेव्हा तोच तार होता.
काट्याच्या खोलीपासून ऑफिसच्या खिडकीपर्यंत
नव्वद मीटर, मधे जीनचे पट्टे फिरत,
"भरती अठराशे दहा! खाली सातशे साठ!"
आणि खिडकीतून मुनीम तेच आकडे परत ओरडायचा,
पोचले म्हणून.
नाही ओरडला तर?
"तं पुन्हा."
कॉलेजात हेच शिकवायला सरांनी
एक आख्खा आठवडा घेतला होता.

दोनचा दिवा लागला. वजन मात्र जाईना.
तार बरी झाली की दुखणं आत सरकतं.
काळी खिडकी उघडून पिंग टाकलं:
उत्तर आलं, आलं, नाही, आलं, नाही.
काल ऑफिसात जीएसटीसाठी नवा कॉम्प्युटर बसवला,
बसवणाऱ्या पोरानं त्याला पत्ता दिला वीस.
वीस तर काट्याचा.
समजवायला उपमा शोधत होते,
तोवर तुळशीराम म्हणाला,
"आमच्या टोलीवर दोन कवडू हायेत.
एकाची मनीआर्डर दुसऱ्यानं खाल्ली."
नव्याला एकवीस केलं. मिटलं.

पहिली गाडी चढली.
भरती एकवीसशे साठ, खाली नऊशे चाळीस.
नव्वद मीटरवर, पापणी लवायच्या आत,
पडद्यावर निव्वळ उमटलं:
बाराशे अठरा.

मी बोटांवर मोजलं. तुळशीरामनं मोजलं नाही,
त्याला मोजावं लागत नाही.
"हे दोन किलो?"
"कडता," दिवाणजी म्हणाले. "सॉफ्टवेअरच कापते."
सॉफ्टवेअर मीही ओळखते.
कुणीतरी शिकवल्याशिवाय
ते कुणाचं पसाभरही घेत नाही.
तुळशीराम चष्मा पुसत राहिला.
"मी बोललो तं पुरंच बोलत होतो," एवढंच,
आणि ते कोणाला म्हणाला कळलं नाही.

बिल केलं: दोन जॅक, जोडणी, येणं-जाणं.
दिवाणजींनी शंभर कमी दिले.
"कडता," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

गाडीला किक मारली तेव्हा
पट्ट्यांच्या घरघरीवरून आवाज आला,
तीच खोली, तीच खिडकी,
"निव्वळ बाराशे वीस!"
रांगेतल्या मेटॅडोरवाल्यांनी माना वळवल्या.
खिडकी बंद होती, एसी लावल्यापासून बंदच असते.
परत कोणी ओरडलं नाही.
तं पुन्हा.